प्रशिक्षकाचा रुमाल

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. शिक्षकाने रोज स्वतःला तपासावं, लिहून ठेवावं, हे मी चौदा वर्षं प्रत्येक प्रशिक्षणात सांगत आलो. स्वतः लिहिली नाही. सांगण्यातच वेळ गेला.

सुरुवात करायला कारणही तसंच आहे. आमच्या तापीतीर शिक्षण मंडळाच्या बुऱ्हाणपूर आणि आसपासच्या सगळ्या मराठी शाळांसाठी 'शिक्षक विकास प्रमुख' असं नवं पद निघतंय. स्वतंत्र खोली, कूलर, कायमचा माइक. मंडळात प्रशिक्षक आम्ही दोनच, मी आणि प्रशांत. ज्याला पद मिळणार नाही त्याला, सचिव शालिग्रामजींच्या शब्दांत, 'मूळ शाळेत जाऊन मुलांची सेवा करायची संधी' मिळेल.

माझी मूळ शाळा लांबच्या डोईफोडियाकडची. हे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे वाचून हसायला बरं.

प्रशांतची मूळ शाळा गावातच आहे, त्यामुळे त्याला फारसा त्रास होणार नाही. पोरगा तसा वाईट नाही. फक्त विचार नाहीत. दर शनिवारी स्वतः एका वर्गावर जाऊन मुलांना शिकवतो म्हणे. डॉक्टरने दर शनिवारी ताप आणून घ्यावा तसं.

४ मार्च

नव्या शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू. उद्घाटनाला मी बोललो. शिक्षक हा नोकर नाही, शिक्षक हा दिवाही नाही, दिवा फुंकरीने विझतो; शिक्षक हा वणवा आहे! टाळ्या. मग ग्रीसपासून सुरुवात करून नालंदामार्गे आजच्या परिस्थितीवर आलो. चहा थंड झाला, पण सभागृह पेटलं होतं. तिसऱ्या रांगेतले एक गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. मान एकसारखी डोलत होती. असे श्रोते आता मिळत नाहीत.

घरी आल्यावर रजनीला सांगितलं की आज मी वणवा पेटवला. ती म्हणाली, आधी गॅसवरचं दूध बंद करा.

५ मार्च

आदर्श पाठ. आमच्याकडे रीत अशी की प्रशिक्षकाने पाठ घ्यायचा आणि समोरच्या नव्या शिक्षकांनी तिसरीतली मुलं व्हायचं. पाठ संपला की 'मुलांनी' एका सुरात 'वा सर, समजलं!' म्हणायचं, टाळ्या वाजवायच्या. चौदा वर्षांत माझा एकही पाठ पडलेला नाही. एकही मूल नापास नाही.

विषय अपूर्णांक. साधन केळं, कारण स्थानिक. केळ्याचे दोन समान भाग केले, अर्ध्याचं तत्त्वज्ञान मांडलं. सगळी मुलं हात वर करून शांत. अपवाद एक.

प्रतिभा नावाची एक नवी शिक्षिका आहे. वर्षभराच्या बोलीवर घेतलीय, डोईफोडियाच्याच शाळेत तिसरीवर. ही मूल झाली ती फारच झाली. शेजारच्या बाईंची पेन्सिल ओढली. मग 'सर, ही मला चिमटे काढते' म्हणून ओरडली. मग 'सर, सू लागली.' सभागृह हसत सुटलं. मी म्हणालो, बाई, पाठ सुरू होऊन आत्ता कुठे पाच मिनिटं झाली. ती म्हणाली, "सर, तिसरीतली आहे मी. पाच मिनिटंही खूप झाली."

तिला गांभीर्य नाही. तसा शेरा मारला.

८ मार्च

महिला दिन. स्त्रीशिक्षिकांच्या सामर्थ्यावर ज्वलंत भाषण दिलं. दोघीतिघींनी डोळे पुसले, एकीने तर पदर डोळ्यांवरून काढलाच नाही.

दुपारी प्रतिभाच्या कामाचा आढावा लिहिला. मीच तिचा मार्गदर्शक. एप्रिलमध्ये तिचं वर्ष संपतं. माझी शिफारस गेली तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. 'उत्साह बरा, वैचारिक बैठक शून्य' असं लिहिलं. तिच्या पगारावर सासरचं घर चालतं, असं कुणीतरी कानावर घातलं. घरं सगळ्यांचीच चालतात.

१२ मार्च

पदासाठी निवड कशी होणार ते आज कळलं. दोघांनी एकेक पाठ घ्यायचा, समितीसमोर, खऱ्या मुलांना.

खऱ्या मुलांना! म्हणजे आणखी सोपं. मोठ्यांना मूल होण्यासाठी कष्ट पडतात, मुलं आधीच मुलं असतात.

मी माझी मूळ शाळा निवडली. जुन्या मातीला नमस्कार म्हणून. शिवाय तिसरी प्रतिभाकडे आहे आणि प्रतिभा माझ्याकडे आहे.

१३ मार्च

पाठाचं टाचण. उद्या.

१४ मार्च

धुळवड. टाचण परवा.

१६ मार्च

टाचणाऐवजी समारोपाचं भाषण लिहिलं. फार उत्तम झालंय. पाठ त्याच्या आधी कुठेतरी बसवता येईल.

२० मार्च

डोईफोडिया. बसने कंबर मोडली. वर्गात पाऊल टाकताच मी दोन्ही हात पसरून म्हणालो, बालमित्रांनो, अपूर्णांक म्हणजे काय? अपूर्णांक म्हणजे माणसाच्या अपूर्णतेचा आक्रोश!

पहिल्या बाकावरची गायत्री नावाची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुम्ही वोट मांगाले आले का?"

मी केळं काढलं. मागून एक जण म्हणाला, हे केळं पावडर मारून पिकवेल हाये. दुसरा म्हणाला, त्याच्या बापाने असं केळं म्हशीलाही घातलं नसतं. तिसऱ्याने ते खाल्लं. अर्धं नव्हे, सगळं. मग 'सर, माझं?' 'सर, मले?' दोघांची मारामारी, एकाला सू, त्याच्या मागे सात जणांना सू.

प्रतिभा दारात उभी होती. हसत नव्हती, हे तिच्या बाजूने नोंदवतो. पण हसू दाबायलाही शिस्त लागते, ती तिला कुणी शिकवली कोण जाणे.

२१ मार्च

कालच्या पाठाचं परीक्षण केलं. पाठात दोष नाही. दोष श्रोत्यांत आहे. मोठ्यांना केव्हा शांत बसायचं, केव्हा 'समजलं' म्हणायचं, हे माहीत असतं, कारण त्यांना प्रशिक्षण मिळालेलं असतं. मुलांना कुणी प्रशिक्षण दिलंय का? चौदा वर्षं आम्ही शिक्षक घडवले आणि विद्यार्थी तसेच सोडले!

हा मुद्दा मोठा आहे. राष्ट्रीय पातळीचा.

२४ मार्च

उपाय सापडला. रुमाल.

मी खिशातून निळा रुमाल काढला की मुलांनी टाळ्या वाजवायच्या आणि 'वा सर, समजलं!' म्हणायचं. समितीला वाटेल, वक्ता रुमाल काढतोय. अगदी नैसर्गिक. मोठमोठे वक्ते व्यासपीठावर रुमाल काढतातच.

प्रतिभाला व्हरांड्यात बाजूला घेऊन समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे सर, मी पोरांना न समजता समजलं म्हणायला शिकवू?" मी म्हणालो, याला पूर्वतयारी म्हणतात. ती म्हणाली, पोरं घरी जाऊन सांगतील. मी म्हणालो, तुमची शिफारस मी अजून पाठवलेली नाही. सहज आठवलं म्हणून म्हणालो.

तिने ग्राउंडवरच्या पोरांना वर्गात पाठवलं. मग म्हणाली, "सर, नक्की ना? तुम्ही बोलले म्हणजे पक्कं ना?" मी म्हणालो, माझा शब्द म्हणजे शब्द.

लोकांना प्रेरणा दिली की ते बदलतात. हे मी नेहमी सांगतो.

२८ मार्च

रंगीत तालीम बघून आलो. चमत्कार! रुमाल निघाला की अख्खा वर्ग एका दमात. भात वाढणाऱ्या धुरपदाबाईसुद्धा दारात बसून टाळ्या वाजवतात. तीनच दिवसांत प्रतिभाने हे बसवलं. वाटली होती त्यापेक्षा कामाची निघाली.

गायत्री मात्र म्हणाली, "पन सर, समजलं काय ते कवा सांगसान?" मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कुतूहल हवं. योग्य वेळी.

२ एप्रिल

नवं जाकीट शिवून आलं. मरून, आतून अस्तर. रजनी म्हणाली, "बुऱ्हाणपूरच्या एप्रिलात जाकीट? उकडून निघाल." मी म्हणालो, व्यासपीठावर माणूस उकडत नाही, तापतो. ती म्हणाली, वर्ग आहे तो, व्यासपीठ नाही. हिचं वाचन थांबलं त्याला फार वर्षं झाली.

प्रशांतचा पाठ काल झाला. कळलं की त्याच्या वर्गात मुलं चुकत होती आणि हा त्यांना चुकू देत होता. संपला!

९ एप्रिल, सकाळी

आज. छाती भरून आली आहे. संध्याकाळी इथे विजयाचं वर्णन लिहीन. अर्धं पान मोकळं सोडतो.

९ एप्रिल, संध्याकाळी

समितीत दोघं होते. शालिग्रामजी आणि निवृत्त मुख्याध्यापिका मंगलाताई. मंगलाताईंनी आल्या आल्या खुर्ची नाकारली आणि मुलांच्या बाकावर बसल्या. मला तेव्हाच त्यांची मनोवृत्ती कळली.

लाइट गेलेली. पत्र्याखाली वर्ग. जाकिटाचं अस्तर पाठीला चिकटलं. मी 'नमस्कार बालमित्रांनो' म्हणालो आणि कपाळावरून घाम डोळ्यात आला. हात आपोआप खिशात गेला.

टाळ्या. "वा सर, समजलं!"

मंगलाताई म्हणाल्या, वा, नमस्कार चांगलाच समजला की.

मी हसून साजरं केलं. केळं काढलं. 'हे काय आहे?' विचारायच्या आत घाम नाकावर. पुसला. टाळ्या. "वा सर, समजलं!" मी हाताने थांबा म्हणून खूण केली. हातात रुमाल होता. पुन्हा टाळ्या. दाराबाहेरून धुरपदाबाईंच्याही.

मग ठरवलं, मरू दे, पुसायचंच नाही. रुमाल खिशात कोंबला. घाम डोळ्यात जाऊन फळा दिसेनासा झाला. मी एक छेद दोनऐवजी काय लिहिलं ते मला अजून माहीत नाही. शेवटी बाहीने पुसलं. मुलं गोंधळली. एकमेकांकडे बघायला लागली. तेव्हा गायत्री कळवळून ओरडली, "सर, रुमाल! रुमाल विसरले!"

शालिग्रामजी खाली बघून जोडे न्याहाळत होते. मंगलाताईंनी गायत्रीला जवळ बोलावलं आणि विचारलं, काय समजलं गं तुला आज? ती म्हणाली, "रुमाल काहाडला का टाळी वाजवायची." कुणी शिकवलं? "आमच्या बाईंनी."

बाईंना कुणी, असं मंगलाताईंनी विचारलं तेव्हा प्रतिभाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत होतो. बाहेर केळीची बाग होती. पानं फाटलेली. शिक्षणाच्या आजच्या स्थितीचं फार अचूक प्रतीक. कुठल्यातरी भाषणात वापरता येईल.

ती म्हणाली, "मीच शिकवलं. माझ्याच डोक्यातलं."

शालिग्रामजींनी मला विचारलं, सर, तुम्हाला माहीत होतं? मी खेदाने मान हलवली. नाही, अशी.

सकाळी मोकळं सोडलेलं अर्धं पान उरलं. त्यावर रजनीने किराणा लिहून ठेवला आहे.

१० एप्रिल

शांत डोक्याने विचार केला. काल जे घडलं त्याचा धडा वैयक्तिक नसून नैतिक आहे. समितीसमोर एका शिक्षिकेने कबूल केलं की तिने लहान मुलांना खोटं शिकवलं. अशा शिक्षिकेच्या हाती पिढी द्यायची? चौदा वर्षं मी ज्या मूल्यांसाठी घसा फोडला त्यांचं काय?

शिफारस पाठवली. 'मुदतवाढ देऊ नये. ही जागा तत्काळ रिकामी करून तिथे अनुभवी, विचारसंपन्न शिक्षक द्यावा.' वाक्य बांधेसूद झालंय. दोनदा मोठ्याने वाचलं.

रजनीने ऐकलं. म्हणाली, तिने काल तुमचं नाव घेतलं नाही ना? मी म्हणालो, प्रश्न नावाचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, "मग तुम्ही तिचं का घेतलंत?"

जेवण जेवलो नाही. निषेध म्हणून. नंतर पोहे केले स्वतःच.

१३ एप्रिल

प्रतिभाचा फोन. रडत वगैरे नव्हती. एवढंच म्हणाली, "सर, तुम्ही बोलले होते. शब्द म्हणजे शब्द बोलले होते." मी तिला शिक्षकाच्या चारित्र्यावर चार गोष्टी सांगितल्या. ओघ चांगला लागला होता. चारित्र्य हा कणा, कणा नसेल तर खडू धरणारा हात कशाचा, असं बरंच सुचत गेलं. संपल्यावर पाहिलं तर फोन कधीच बंद झालेला.

डोईफोडियाकडे नेटवर्क फार वाईट आहे.

१५ एप्रिल

निकाल अजून नाही. पण चिन्हं चांगली. शालिग्रामजी मंडळाच्या कार्यालयात भेटले, पाठ थोपटली. म्हणाले, तुमचा कठोरपणा आवडला, माणूस असावा तर असा, परका असो की आपला, बघत नाही. 'तुमची शिफारस शब्दशः मान्य केली आहे,' असंही म्हणाले.

शब्दशः! कूलर कुठल्या भिंतीला लावायचा ते ठरवून आलो.

१७ एप्रिल

पद प्रशांतला.

माझ्याबद्दल समितीत चर्चा झाली म्हणे. मंगलाताईंनी फक्त एकच विचारलं: या सरांनी शेवटचं मूल कधी पाहिलं होतं? असल्या उथळ प्रश्नांवर पदं ठरतात.

शालिग्रामजींनी आत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "काय योग आहे बघा सर. तुमची मूळ शाळा तीच, आणि तुम्हीच लिहिलं तसं जागा तत्काळ रिकामी झाली. अनुभवी, विचारसंपन्न माणूस द्या म्हणालात. आम्ही सगळे बसून खूप शोधलं. तुमच्याशिवाय कुणी सुचेना."

सोमवारपासून. तिसरी.

प्रशांत बाहेर भेटला. म्हणाला, सर, काही लागलं तर सांगा, मी महिन्यातून एकदा येईन, तुमचा पाठ बघायला. नव्या नियमाप्रमाणे तोच माझा मार्गदर्शक. मी म्हणालो, अवश्य या. मग सावलीत जाऊन बसलो. ऊन फार आहे.

१९ एप्रिल

रजनीला म्हणालो, खरा क्रांतिकारक शेवटी जनतेतच जातो. ती म्हणाली, डबा किती वाजता लागेल ते सांगा.

२१ एप्रिल, सोमवार

सहाची बस. असीरगढकडून येणाऱ्या कुणा मास्तराशी बोललो, तो उभ्यानेच झोपला.

वर्ग तसाच. गायत्री पहिल्या बाकावर. मी बोलायला सुरुवात करायच्या आतच म्हणाली, "आमच्या बाई कवा येतीन?" मी म्हणालो, आता मीच तुमचा शिक्षक. तिने मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "बाई नाई येनार. वोटवाले सर हायेत." मागच्या बाकावर कुणीतरी रडायला लागलं. का ते विचारलं नाही. पहिल्याच दिवशी वैयक्तिक होणं बरं नाही.

मी म्हणालो, बालमित्रांनो, आजपासून रुमालाचा नियम बंद. टाळ्या नकोत. मला तुमच्याशी मनापासून बोलायचंय. शिक्षण म्हणजे...

एकाने पेन्सिल ओढली. एकाला सू. त्याच्या मागे सगळ्यांना. दोघं बाकाखाली काहीतरी खेळत होती. मी आवाज चढवला. मग आणखी चढवला. शेजारच्या वर्गातून शिपाई बघून गेला. धुरपदाबाई दारातून म्हणाल्या, "सर, जरा हळू. खिचडीत पाल पडल, एवढं वरडता."

वणव्यापर्यंत पोचलोच नाही.

फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. फळ्यावर प्रतिभाने खडूने काढलेलं एक केळं अजून होतं. कुणी पुसलं नव्हतं. मुलांनी पुसू दिलं नसेल. मीही पुसलं नाही. डस्टर सापडला नाही म्हणून.

घाम आला. खरंच आला. हात खिशात गेला.

सगळा वर्ग क्षणात जागेवर. टाळ्या. "वा सर, समजलं!"

मी अजून काहीच शिकवलं नव्हतं.

रुमाल घडी करून खिशात ठेवला. वर्ग पुन्हा सुटला. मग मी तो पुन्हा काढला. कपाळ पुसलं, मान पुसली, कोरडं झालेलं कपाळ पुन्हा पुसलं. घंटा होईपर्यंत पुसत राहिलो.